सेंद्रिय शेतीवाल्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचाय? आधी त्याचं शेत बघा, मग तो कुठल्या खुर्चीसाठी उभा आहे ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला भाऊ. तुम्ही मूळचे परभणी जिल्ह्यातले, नोकरी पुण्यात, गावची सहा एकर वडील आणि धाकटा भाऊ करतात. तुमच्या जिल्हा परिषद गटातून, म्हणजे मतदारसंघातून, एक तिशीतला पोरगा 'विषमुक्त शेती, आपल्या तालुक्याचं अन्न आपल्याच तालुक्यात' असा मुद्दा घेऊन उभा राहतोय. त्याला पैसे द्यावेत का, दुसरी काय मदत करता येईल, आणि असा माणूस निवडून तरी येतो का, हे तुम्ही विचारलंय.

मी विदर्भातल्या कापूसपट्ट्यात १९ वर्षं रसायनाशिवाय शेती करतोय, कापूस, तूर, थोडी ज्वारी, आमचा ३४ जणांचा शेतकरी गट आहे, आणि २०१२ आणि २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकांत मी अशाच मुद्द्यावरच्या उमेदवारांसाठी दारोदार फिरलोय. एकदा आमचा माणूस जिंकला, एकदा आमच्या ताई हरल्या. जिंकलो तेव्हा हाती फार कमी लागलं आणि हरलो तेव्हा जास्त लागलं. ते का झालं हे सांगितलं की तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर होतं.

तुम्ही विचारताय की चांगल्या माणसाला मदत कशी करू. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे की तो ज्या खुर्चीसाठी उभा आहे तिच्या हातात शेतीचं नेमकं काय आहे, आणि ते त्याला माहीत आहे का. बहुतेक उमेदवारांना माहीत नसतं, आपल्यालाही नसतं, मग सभेत माणूस बोलतो खताच्या सबसिडीवर, हमीभावावर, कीटकनाशकबंदीवर, टाळ्या पडतात, आणि यातलं एकही काम जिल्हा परिषद सदस्याचं नाही. युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती दिल्लीच्या सबसिडीमुळे. हमीभाव दिल्लीत ठरतो. कीटकनाशकाची नोंदणीपण केंद्रातच होते, राज्य सरकारला फार तर काही दिवसांची तात्पुरती बंदी घालता येते. या गोष्टींसाठी खासदार-आमदाराला धरा, जरूर धरा, पण जिल्हा परिषदेच्या उमेदवाराने याच्यावर मत मागितलं तर त्याला अजून खूप शिकायचंय असं समजा.

मग जिल्हा परिषदेकडे आहे काय? बरंच आहे. १९६१ च्या कायद्याने तिथे कृषी समिती असते, तिला सभापती असतो, त्यांच्याकडे कृषी विकास अधिकारी, आणि पंचायत समितीत कृषी अधिकारी आणि विस्तार अधिकारी (राज्याच्या कृषी खात्याचे तालुका कृषी अधिकारी आणि कृषी सहायक, आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात, हे वेगळे, लोक कायम गल्लत करतात आणि चुकीच्या दारात अर्ज देऊन बसतात). पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला दुकानातून खत-बियाण्याचे नमुने घ्यायचे अधिकार असतात. १०० हेक्टरपर्यंतचे छोटे तलाव-बंधारे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे येतात. बायोगॅस आहे, शाळा आहेत, अंगणवाड्या आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेस फंड, जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न, त्यातून यंदा शेतकऱ्याला कशावर अनुदान द्यायचं हे सदस्यच बसून ठरवतात. रक्कम डोळे दिपवणारी नसते, पण दिशा तिथूनच कळते.

आता २०१२ ची गोष्ट. आमचा उमेदवार मनापासूनचा सेंद्रियवाला होता, घरी चार गाई, स्वतःचं गांडूळखत. आम्ही पदरचं पेट्रोल घालून दीड महिना फिरलो, तो निवडून आला, कृषी समितीवर गेला, आम्ही गुलाल उधळला आणि आपापल्या शेतात परत गेलो. दोन वर्षांनी सहज लाभार्थ्यांची यादी बघितली तर आमच्या भागातलं सेसचं बहुतेक अनुदान फवारणी पंप आणि ताडपत्र्यांत गेलेलं. मी तडक त्याच्या घरी गेलो, आवाज चढवला. तो काही बोलला नाही, आत गेला आणि अर्जांचा गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. दोनशेच्या वर अर्ज, जवळजवळ सगळे पंपाचे. म्हणाला, 'काका, निवडणूक झाल्यापासून तुमच्या गटाने मला एक तरी अर्ज दिला का, निंबोळी दळायच्या मशीनचा, नाहीतर हिरवळीच्या खतासाठी ढैंचाच्या बियाण्याचा?' नव्हता दिला. एकाही माणसाने नव्हता दिला. आम्हाला वाटलं माणूस आपला आहे, तो करेल. पण सदस्याच्या दारात रोज जे येऊन उभे राहतात त्यांचंच काम होतं, आणि त्यांना हवा होता पंप. त्याचा राग मनातून तेव्हाच गेला, पण ही गोष्ट डोक्यातून गेली नाही.

२०१७ ला म्हणून आम्ही उलटं केलं. त्या वेळी बचत गटांचं काम करणाऱ्या एक ताई उभ्या होत्या. प्रचाराआधी आम्ही त्यांच्या ओसरीवर तीन संध्याकाळी बसून एका पानाचा कागद तयार केला, फक्त जिल्हा परिषदेच्या हातातल्या गोष्टी. पंपाला अनुदान द्यायचंच असेल तर सोबत मास्क, चष्मा, हातमोजे द्या आणि फवारणीचं प्रशिक्षण द्या. मोठ्या गावांत निंबोळी दळायचं यंत्र द्या, कारण निंबोळी पडते जून-जुलैत, ऐन पेरणीच्या घाईत, बाया गोळा करतात पण दळायची सोय नसल्याने ती तशीच बुरशी येऊन जाते, नाहीतर पाच किलो निंबोळीचं चूर्ण १०० लिटर पाण्याला या हिशेबाने गावचा अर्क गावातच होतो. तिसरं, शाळेच्या भाजीचं. त्यावर खाली सांगतो. ताई ४०० च्या आसपास मतांनी पडल्या. आम्ही दोन दिवस कुणी कुणाशी बोललो नाही.

आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या साली कापूस डोक्याच्या वर गेला होता, पंपाची नळी वर धरून मारावं लागायचं आणि सगळा फवारा अंगावर यायचा. आमच्या गावातला एक मजूर, अंगात बनियान, तोंडाला ओला गमछा, दिवसभर फवारून संध्याकाळी घरी आला, बाजेवर बसला आणि बायकोला म्हणाला दोन-दोन दिवे दिसताहेत. सहा दिवस सरकारी दवाखान्यात होता. वाचला. तो दवाखान्यात असताना आम्हाला आठवण झाली की आपल्याकडे कागद तयार आहे. तो घेऊन ताई स्वतः, ज्यांना निवडणुकीत हरवलं गेलं होतं त्या, जिंकलेल्या सदस्याकडे गेल्या आणि म्हणाल्या हे तुमच्या नावाने मांडा, आमचं नाव नको. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते, पुढच्याच सभेत त्याने विषय मांडला. पंपासोबत संरक्षक किट सुरू झालं, पंचायत समितीत दोन प्रशिक्षणं झाली, आमच्या भागात दोन निंबोळी यंत्रं आली. तिसरं नाही झालं.

म्हणून माझं मत असं झालंय की पाठिंबा माणसाला द्या पण कागदाच्या हातून द्या. माणूस पडू शकतो, पक्ष बदलू शकतो, कागद मागे राहतो. तुमच्या त्या पोराने अजून असा कागद केला नसेल तर तुमची पहिली मदत पैशाची नाही, तो कागद करायला त्याच्यासोबत बसण्याची आहे, तुम्ही नोकरीत एक्सेल, ईमेल करता, माहिती अधिकाराचा अर्ज लिहू शकता, गेल्या तीन वर्षांत तुमच्या जिल्हा परिषदेचा कृषीचा सेस कशावर खर्च झाला ही यादी काढून त्याच्या हातात दिलीत तर दहा हजार रुपयांपेक्षा मोठं काम झालं. आणि मार्च २०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, सदस्यच नव्हते, त्या काळातले निर्णय कुणी विचारलेलेच नाहीत. तिथून सुरुवात करा.

आता माणूस कसा ओळखायचा. त्याच्या शेतावर जा. सांगून जा, पण ओट्यावर चहा पिऊन परत येऊ नका, बांधावर चला म्हणा. जीवामृत करतो म्हणत असेल तर ड्रम बघा. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, हे चालू असेल तर वर फेस असतो, आंबूस वास असतो, ढवळायची काठी शेजारीच ओली पडलेली असते. ड्रम कोरडा आणि आत कोळ्याची जाळी, पण फेसबुकवर मात्र दर अमावस्येला जीवामृताचा फोटो, तर मग जरा थांबा. बांधाच्या कडेला, विहिरीजवळ औषधाच्या रिकाम्या बाटल्या आहेत का बघा. त्याला विचारा पहिल्या-दुसऱ्या वर्षी उत्पन्न किती पडलं. आमच्याकडे कापूस पहिल्या दोन वर्षांत तिसऱ्या हिश्शाने कमी आला होता, काहींचा निम्म्यावर. जो म्हणेल काहीच पडलं नाही, पहिल्याच वर्षी वाढलं, त्याने एकतर केलेलं नाही किंवा तो तुम्हाला खरं सांगत नाही, आणि तो उद्या लोकांनाही खरं सांगणार नाही.

हे पण सांगतो की तो शंभर टक्के सेंद्रिय असायलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. एखादा म्हणाला की काका गुलाबी बोंडअळी आली तेव्हा मला एक फवारणी मारावी लागली, तर मला तो माणूस जास्त भरवशाचा वाटतो. आणि शेतकरीच असला पाहिजे असंही नाही, एखादी शिक्षिका, एखादा किराणा दुकानदारसुद्धा हे काम नेटाने करू शकतो. शेत नसेल तर त्याने गावच्या ग्रामसभेत आजवर काय मांडलं ते विचारा. उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, तेही वाचा. खत-औषधाची एजन्सी घरात असणारा माणूस विषमुक्तीवर बोलत असेल तर त्याला सरळ तोंडावर विचारा की याचं काय करणार आहेस, उत्तर ऐका आणि मग ठरवा.

एक प्रश्न मात्र हटकून विचारा, पाण्याचा. तुमचा भाग जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली येतो की कोरडवाहू आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर खूप काही अवलंबून आहे. कालव्याखाली ऊस असणार, उसाच्या गावात 'शाश्वत शेती' म्हणणं सोपं आहे पण 'ऊस कमी करा' म्हणणं म्हणजे मतं घालवणं. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळी लावायची नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर पिकं ठरवायची असं ठरवलं आणि पाळलं, तिथे पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. राजकीय हिंमत म्हणजे ही. तुमचा उमेदवार हे तुमच्याजवळ खासगीत बोलतो की सभेत पण बोलतो? खासगीतच बोलत असेल तर त्याला लगेच मोडीत काढू नका, नवा आहे, पण निदान ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला लावीन एवढं तरी तो जाहीर बोलला पाहिजे.

आणि जो एका झटक्यात सगळा तालुका सेंद्रिय करतो म्हणतो त्याच्यापासून सावध राहा, भले तो प्रामाणिक असो. श्रीलंकेत गोटाबाया राजपक्षे २०१९ ला निवडून आले तेव्हा सेंद्रियकडे १० वर्षांत जाऊ असं आश्वासन होतं, आणि २०२१ च्या मे मध्ये अचानक रासायनिक खतांची आयातच बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं, चहाचं नुकसान झालं, नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. आजही गावात सेंद्रियचं नाव काढलं की कुणीतरी श्रीलंका तोंडावर मारतो. उलट सिक्कीम बघा. पवनकुमार चामलिंग मुख्यमंत्री असताना २००३ ला विधानसभेत घोषणा झाली, २०१० ला मिशन सुरू झालं, आणि जानेवारी २०१६ मध्ये राज्य पूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झालं, म्हणजे मध्ये तब्बल तेरा वर्षं. सरकार टिकलं म्हणून ते झालं. आणि तिथे मुळातच रसायन फार कमी वापरलं जायचं, आपल्यासारखा कापूस-सोयाबीन-ऊस नव्हता, ही गोष्ट उमेदवाराने सिक्कीमचं नाव घेताना सांगितली पाहिजे. पाच वर्षांच्या मुदतीत एका गटात दोन-तीन गावं वळली, दुकानात बोगस बियाणं सापडलं की कारवाई झाली, तर मी त्याला यश म्हणेन.

प्रचाराचं बोलतो. विषमुक्त या शब्दाने शहरात मतं मिळतात, गावात मिळत नाहीत. २०१७ ला आमची एक सभा डेअरीसमोर होती, संध्याकाळी दूध घालायची वेळ, बाया केटल्या घेऊन रांगेत. ताई बोलत होत्या, आणि रांगेतल्या एकीने केटली खाली ठेवली आणि विचारलं, 'पिकवू की हो विषमुक्त, पण माझ्या दोन क्विंटल तुरीला वेगळा भाव कोण देणार, तुम्ही का?' सगळे गप्प झाले. ताई म्हणाल्या, भावाची हमी मी देणार नाही, माझ्या हातात नाही. पण तूर अख्खी विकू नका, डाळ करून विकू, डाळ मिल बचत गटाच्या नावावर आणू, आणि बाजाराच्या दिवशी आपल्या मालाला बसायला वेगळी जागा मागू. त्या बाईने मत दिलं की नाही माहीत नाही, पण त्या गावात आम्हाला आघाडी होती. भावाचं उत्तर नसेल तर सेंद्रियचा मुद्दा गावात टिकत नाही, हे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पिढीभर सांगितलेलं लोकांच्या हाडात मुरलंय, आणि ते बरोबरच आहे.

तालुक्याचं अन्न तालुक्यात, हा तुमच्या उमेदवाराचा दुसरा मुद्दा मला फार आवडला पण त्यालाही हातपाय लावा. शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ वरून येतो, तो त्याच्या हातात नाही. पण भाजीपाला आणि इंधनाचे पैसे शाळेच्या पातळीवर असतात, रक्कम छोटी आहे, तरी शंभर पोरांच्या शाळेला रोजची पालक-मेथी-दुधी गावच्याच गटाकडून घ्या हा ठराव शाळा व्यवस्थापन समिती करू शकते, आणि जिल्हा परिषद सदस्याने पाठ धरली तर मतदारसंघातल्या सगळ्या शाळा करू शकतात. आमचं हेच राहिलं, आमच्याकडे उन्हाळ्यात भाजी कमी पडायची आणि मुख्याध्यापकांना रोजची खात्री पाहिजे, त्यांचंही बरोबर होतं. तुमच्याकडे पाणी असेल तर जमेल. आठवडी बाजारातल्या जागेचं ग्रामपंचायत-नगरपंचायतीकडे असतं. आणि मोठ्या मालाचं म्हणाल तर खरी खुर्ची बाजार समितीची आहे, तिथले १८ संचालक असतात, त्यातले ११ सोसायटीच्या, म्हणजे गावच्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी सोसायट्यांच्या, मतदारसंघातून आणि ४ ग्रामपंचायतीच्या. म्हणजे गावची सोसायटी आणि ग्रामपंचायत ज्यांच्या हातात, बाजार समिती त्यांची. तुमचे वडील सोसायटीचे सभासद आहेत का ते आधी विचारा. लोक जिल्हा परिषदेला जीव काढतात आणि सोसायटीच्या निवडणुकीला फिरकत नाहीत.

पैशाचं आता सरळ सांगतो. द्यायचे असतील तर द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोल्हापूर-सांगलीकडे राजू शेट्टींच्या निवडणुकांत लोकांनी 'एक व्होट, एक नोट' म्हणत मतपण दिलं आणि वर्गणीपण, २००४ ला आमदार, २००९ ला खासदार झाले. तो लढा ऊसदराचा होता, आपला मुद्दा वेगळा, पण पद्धत शिकण्यासारखी आहे, कारण शंभर-शंभर रुपये देणारा माणूस नंतर हिशोब विचारतो आणि उमेदवार एका मोठ्या ठेकेदाराच्या मुठीत जात नाही. मी स्वतः एकट्याने पन्नास हजार देण्यापेक्षा पन्नास जणांकडून हजार गोळा करून देईन. फक्त त्याच्या निवडणूक खात्यात द्या, बँकेतून द्या, कारण उमेदवाराला खर्चाचा हिशोब द्यावा लागतो आणि नाही दिला तर तो अपात्र ठरू शकतो. त्याच्या लेखी परवानगीशिवाय स्वतःच्या मनाने बॅनर लावणं, पत्रकं छापणं, गाड्या सोडणं हा गुन्हा आहे, हे हौशी मित्रांना माहीत नसतं आणि ते उमेदवारालाच अडचणीत आणतात. पत्रक छापाल तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे. आणि टॅक्समध्ये सूट मिळेल असं डोक्यात असेल तर काढून टाका, ती पक्षाला दिलेल्या देणगीवर असते, उमेदवाराला दिलेल्यावर नाही. तुमच्या कंपनीतले परदेशी नागरिकत्व घेतलेले मित्र द्यायचं म्हणत असतील तर त्यांचे पैसे अजिबात घेऊ नका, उमेदवाराला परदेशी पैसा घ्यायला कायद्याने बंदी आहे.

तुमचं मत कुठे आहे? नाव पुण्याच्या यादीत असेल तर गावात मत देता येणार नाही, आणि दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदेशीर आहे, लोक करतात पण तुम्ही करू नका. राहता पुण्यात तर पुण्यातच असू द्या. गावात तुमचं मत नसलं तरी तुमचा शब्द आहे, भाऊ-वहिनी, चुलते, शाळेतले मित्र, यांच्यातल्या वीस घरांत तुम्ही स्वतः जाऊन बसलात तर त्याला किंमत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्यातून ज्ञान पाठवलं तर लोक चिडतात, हे मात्र लक्षात ठेवा. 'आला मोठा शहरातून शिकवायला' असं होतं आणि त्याचा तोटा त्या पोरालाच होतो.

निवडून येईल का, याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. भाऊबंदकी, जात, पक्षाचं तिकीट, आरक्षण कुठलं पडलंय, आधीच्या सदस्याने रस्ते केलेत की नाही, यावर गटाची निवडणूक फिरते आणि शेतीचा मुद्दा एकटा ती फिरवत नाही. पण चुरशीची लढत असेल तर शे-दोनशे मतं इकडची तिकडे करतो, आणि तेवढं पुरतं. अपक्ष आहे की पक्षाकडून, हे मी बघेन. अपक्ष म्हणून आला तर सभापतीपद बहुमतवाल्यांकडे जाणार, त्याला कृषी समितीवर जागा मिळेल का तेही त्यांच्याच मर्जीवर, म्हणून त्याला आत्ताच विचारा की निवडून आल्यावर कुठल्या समितीसाठी भांडणार. उत्तर बांधकाम समिती आलं तर मला वाईट वाटेल. सभेत 'कृषी समिती मिळाली नाही तरी दर सभेत कृषीचा प्रश्न लेखी देईन' असं म्हणाला तर मी त्याच्यासाठी चप्पल झिजवेन.

आणि निकालानंतरचं आत्ताच ठरवून ठेवा, २०१२ ची आमची चूक तुम्ही करू नका. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. प्रत्येक ग्रामसभेआधी तुमच्या भावाने आणि आणखी दहा जणांनी एक-एक अर्ज द्यायचा, पंपाचा नव्हे, ज्या गोष्टीसाठी मतं मागितली तिचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलंय, २,४८१ कोटींचं, त्यात देशभर १०,००० जैविक निविष्ठा केंद्रं उभी करायची आहेत, म्हणजे जीवामृत, दहा झाडपाल्यांचा दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क गावाजवळ तयार मिळायची सोय. ज्याला घरी गाय नाही, मनुष्यबळ नाही, त्याच्यासाठी ही सगळ्यात मोठी अडचण असते, तुमचे वडीलपण हेच म्हणतील बघा. ते केंद्र आपल्या गटात यावं म्हणून शेतकरी गटाचा प्रस्ताव तयार असला पाहिजे, सदस्य फक्त तो पुढे रेटू शकतो, तयार करू शकत नाही.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या शनिवार-रविवारी गावी जाताय. शनिवारी सकाळी त्याच्या शेतावर जा, ड्रम बघा, बांध बघा, पाण्याचं विचारा. संध्याकाळी पाच-सहा शेतकरी, त्यात दोन तरी बाया, घेऊन त्याच्यासोबत बसा आणि एका पानाचा कागद करा, तीनच मागण्या, तिन्ही जिल्हा परिषदेच्या हातातल्या, खाली त्याची सही. सही करायला तो कचरला तर का ते शांतपणे ऐकून घ्या, कधी कधी कारण रास्त असतं, पक्षाला विचारावं लागतं. कागद झाला की फोटो काढून इथेच टाका, नावं झाकून. मी आणि इथले बाकीचे लोक वाचून सांगू कुठलं कलम कुठल्या विभागाच्या दारात जाईल.